फाटलेल्या दुधाचा सरस

उद्या मुर्री गावात नाटक, आणि आज माझ्या हार्मोनियमची फळी निखळली. ती घेऊन मी गोंदियातल्या एका म्हाताऱ्या सुताराकडे धावलो. त्याचं नाव विचारायचंही सुचलं नाही. त्यानं सांध्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "घरी फाटलेलं दूध हाये का?"

होतं. त्यावरूनच सकाळी मी बायकोवर ओरडलो होतो. नशीब, तिनं ते फेकलं नव्हतं; मी धावत जाऊन घेऊन आलो.

त्यानं चोथा धुतला, पिळला, त्यात तंबाखूच्या डबीतला बोटभर चुना घातला आणि घोटत बसला. फाटल्यावर दुधातलं प्रथिन पाण्यात विरघळत नाही, हे मी शाळेत दरवर्षी फळ्यावर लिहितो. इथं ते डोळ्यांदेखत विरघळलं आणि त्याचा गुळगुळीत सरस झाला.

"काऊन भेऊन राहिले, गुरुजी? आंबटानं फाटते, चुन्यानं जुळते," तो म्हणाला, सरस लावून फळी घट्ट बसवली आणि उरलेला चुना तंबाखूत मळू लागला.

दुसऱ्या दिवशी हार्मोनियम वाजली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन बायकोला सुताराचं वाक्य ऐकवलं. ती हसून म्हणाली, "अन् कालच्या बोलण्यावर मले कोणता चुना लावता?"