बिले: ताईनं धरलेला दोर

रेल्वे प्रशासनाविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे: गाडी वेळेवर पोहोचली. ऐन साखरझोपेत मला हबीबगंजला उतरवण्यात आलं. स्टेशनचं नाव आता राणी कमलापती आहे, पण रिक्षावाल्याला हबीबगंजच सांगा आणि भाडं बसण्याआधी ठरवा.

ताई इंद्रपुरीजवळच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहते. रुंद रस्ते, एकसारखी क्वार्टर्स, भोंग्यावर चढणारे कुकर. पोहे-जलेबीसोबत भांडणही वाढून ठेवलेलं होतं. भाची मुक्ताला हिमालयात गिर्यारोहणाच्या कोर्सला जायचंय आणि ताईचा साफ नकार.

"मामा, तूच समजाव ना मम्मीला."

"तो काय समजावणार? जिना चढताना धापा टाकतो!"

रविवारी तिघं मुक्ताच्या सरावाला गेलो, मिसरोदच्या पुढे, होशंगाबाद रोडलगतच्या खडकांवर. (पाणी घरून न्या, तिथे टपरीसुद्धा नाही.) तिचे सर नौदलातून निवृत्त झालेले, अजूनही वादळात उभं असल्यासारखे बोलतात. चढणाऱ्याचा, वरच्या कडीतून फिरून खाली आलेला दोर जमिनीवरून सांभाळणं म्हणजे 'बिले'. हा शब्द आला कुठून, मी विचारलं.

"जहाज़ का लफ़्ज़ है, साहब!"

मूळ अर्थ वेढणं. शिडाचा दोर खुंटीला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढायचा, मग वारा ओढेना का कितीही. गिर्यारोहकांनी शब्द उचलला आणि खुंटीच्या जागी माणूस उभा केला. दोर त्याच्या कमरेभोवती. आता कमरेच्या पट्ट्याला उपकरण असतं, पण दोरावरचा हात सोडायचा नाही, हे कायम.

एवढं सांगून सरांनी पट्टा चढवला तो ताईला. "मॅडम, आप पकड़िए." स्वतः मागे दोराचं टोक धरून उभे राहिले.

"मी? अहो, मला नाही येत!"

रिवाज असा की खालचा माणूस "ऑन बिले" म्हणेपर्यंत चढणाऱ्यानं पाय उचलायचा नाही. मुक्ता खडकाला हात लावून थांबली.

"मम्मी, तू बोलल्याशिवाय मी नाही चढणार. बोल ना यार."

ताईनं दोर मुठीत आवळला.

"ऑन बिले," ताई म्हणाली, भाजीवाल्याला दम भरावा तशी.

अर्ध्यावर मुक्ताचा पाय सटकला. दोर ताणला, ताई टाचांवरून उचलली गेली, पण मूठ सुटली नाही.

"बघ मम्मी! पकडलंस ना मला!" वरून हसू आलं.

परतताना ताई खिडकीबाहेर बघत होती. इंद्रपुरी आल्यावर म्हणाली, "त्या कोर्सला लोकरीचे मोजे किती जोड लागतात गं?"

पुण्याला परतलो, तर बायको स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढत होती. वर्षानुवर्षं ती अशीच चढते आणि मी शेजारी पेपर वाचतो. पेपर ठेवला. स्टूल दोन्ही हातांनी धरलं.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. काढ तू डबे."