हनीफच्या फळीवरच्या फोडी

फोन आला तेव्हा मी फुलसावंगीला बहिणीकडे होतो. तिच्या तुरीच्या खळ्यावर खुर्ची टाकून, स्वतः काडी न हलवता सगळ्यांना सूचना देत बसलो होतो. आयटीआयमध्ये उभा जन्म ओतकाम शिकवलेल्या मास्तरला दुसरं येतं तरी काय? पलीकडून माझ्या लेथवाल्या दोस्ताचा, हनीफचा मेहुणा एवढंच बोलला, "सर, भाई गेले." यवतमाळला पोचेपर्यंत माती देऊन लोक परतले होते. मग लोहाऱ्याला एमआयडीसीत आमच्या दोघांच्या टिनाच्या शेडवर गेलो. कुलूप उघडलं. लेथवर त्याचा चष्मा पडला होता, आणि शेजारी फडक्यात गुंडाळलेले दोन कान... लखलखीत.

कान म्हणजे पॉपकॉर्नच्या जुन्या मशीनचा. काचेच्या पेटीत उकळत्या तेलाचं भांडं टांगलेलं असतं. ते ज्या जाड तुकड्यावर लटकतं आणि कलतं, त्याला आम्ही कान म्हणायचो. बंद पडलेल्या टॉकीजमधून आणि भंगारातून जत्रेत पोचलेली ही परदेशी मशिनं. ज्यांनी ती बनवली त्यांनाही आता त्यांचे भाग देता येणार नाहीत. हनीफ द्यायचा. वाळूचा साचा करून त्यात धातू ओतणं माझं, लेथवर घासून नेमकं करणं त्याचं. मी नोकरीत होतो तेव्हा रविवारी, निवृत्तीनंतर रोज.

आमचा पहिला कान वणीच्या शेवंताबाईंच्या मशीनला बसला. टॉकीजसमोर आणि जत्रांत त्यांची गाडी असायची; नवरा गेल्यावर घर त्यावरच चाललं होतं. महिन्याभरात तो कान तुटला, भांडं कललं आणि तेल त्यांच्या उजव्या मनगटावर आलं. तुटलेला तुकडा पाहिला तर आत तुरीच्या दाण्याएवढी पोकळी. वरून काही दिसत नव्हतं. अशी पोकळी ओल्या वाळूत ओतलं की राहते. त्या रविवारी मला लग्नाला जायची घाई होती आणि मी साच्याची वाळू पुरती सुकू दिली नव्हती. हनीफला हे पाहताक्षणी कळलं. तरी दवाखान्यात शेवंताबाईंच्या खाटेशी उभा राहून तो म्हणाला, "बाई, चूक माही हाय. तो भाग मी पास केलता." मी शेजारीच उभा होतो. परत येताना विचारलं, "खोटं कशाला बोललास?" तर म्हणे, "ओतणं तुहं, पास करणं माहं. याच्यात खोटं काय हाय?"

तेव्हापासून त्याचा नियम. मागणी एका कानाची असली तरी एकाच ओतात दोन करायचे. दोन्ही लेथवर पूर्ण करायचे, मग डोळे मिटून एक उचलायचा आणि आरीनं मधोमध कापायचा. आतून भरीव निघाला, तर दुसरा मशीनला लावून भांड्यात वाळू भरायची आणि सकाळभर कलवत राहायचं. मग मका. पहिला घाणा बिनमिठाचा, तो स्वतःच खायचा. पण कापलेल्यात पोकळी निघाली, तर जोडीदार वितळायला परत मुशीत जायचा आणि ती कापलेली फोड भिंतीवरच्या फळीवर. किती भांडलो मी त्याच्याशी. दिवसभर घासून चकचकीत केलेला माल कापतोस, तुला वेड लागलंय का? तो आरी चालवतच म्हणायचा, "मास्तर, तुमच्या आयटीआयत कागद नापास होते. इथं हात भाजते."

तो गेल्यानंतर पंधरा दिवसांनी शेवंताबाई आल्या. मशीन तेच, कान पुन्हा झिजलेला, जत्रा तोंडावर. फडक्यातले दोन्ही कान मी त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हणालो, "यातला कोणताही न्या."

"कापला नाही?"

"शेवटचं काम आहे हो त्याचं..."

ते खरं होतं, पण अर्धंच. तो ओत माझा होता. अंगात कणकण असताना ओतलेला, आणि वाळूची मला खात्री नव्हती. शेवंताबाईंनी खुंटीवरची आरी काढून माझ्यापुढे ठेवली. "हनीफभाऊनं कापला असता. कापा."

मी डोळे मिटून एक उचलला आणि कापला. आत ज्वारीच्या दाण्याएवढी पोकळी होती.  माझी चूक अंगावर घ्यायला आता तिथं कोणी नव्हतं. म्हणालो, "बाई, ही चूक माझी. तेव्हाची पण माझीच होती."

"मले तवाच समजलं होतं, सर," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात भाऊ माह्या हाताकडे पाहून बोलून राह्यले होते. तुमी खिडकीकडे पाहून राह्यले होते." मग पदर खोचून उठल्या. "आता नीट ओता. मी थांबतो चार दिवस पुतणीकडे."

हनीफच्या हातचा उरलेला कान मी मुशीत टाकला. तो वितळताना पाहवत नव्हतं, तरी पाहिलं. वाळू आधी नीट वाळवली, चाळली, पुन्हा वाळवली. लेथवर माझा हात कच्चा. त्याचा चष्मा मला लागत नाही, तो बाजूला ठेवला आणि शिकत गेलो. पहिली जोडी नापास. दुसरीही. तिसरीतला कापला, तो आतून सगळीकडे सारखा निघाला. वाळूनं भरलेलं भांडं सकाळभर शेवंताबाईंनीच कलवलं, त्याच भाजलेल्या हातानं. पहिला घाणा मी खाल्ला. बिनमिठाचा, बेचव... हनीफ इतकी वर्षं हे कसं गिळत होता कोण जाणे. मला मात्र रडू आलं.

मशीन जत्रेला गेलं. त्याची शेवटची फोड फळीवर आहे, पोकळीची बाजू भट्टीकडे करून ठेवली आहे, म्हणजे ओतताना मला समोर दिसते. लोक विचारतात, शेड कधी विकता? विकायची नाही.

आज सकाळी पुन्हा ओतकाम केलं. एका मशीनचा कान हवा होता. दोन ओतले.