इनामगावला बघायला काय आहे?

जुना दगड दिसला की मला गाडी थांबवावीशी वाटते. माझ्या दोन दोस्तांना चहाची टपरी दिसली की तसं होतं. त्या रविवारी तळेगाव ढमढेऱ्याहून इनामगावला निघालो ते तह करूनच: एक दगड, एक चहा.

गाडी चालवणारा दोस्त शेतकरी. त्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या रानातलं जुनं घर पाडायला जेसीबी येणार होता. नवा बंगला डांबरी रस्त्याला बांधायचा आणि जुन्या जागेवर ऊस लावायचा, असं आबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी ठरवलं होतं. त्याच्या बायकोचा, आमच्या वहिनीचा, ठाम नकार होता. त्या दोघांचं पहिलं बाळ जेमतेम आठवडा जगलं, त्याला त्या घराच्या पडवीलगत पुरलं होतं. तिथं नांगर फिरणार म्हणून तिनं घरात बोलणं टाकलं होतं.

"मेलेल्या जिवाला काय कळतंय?" तो म्हणाला. "पर तिला कोण सांगणार?"

मी काचेतून दगड शोधायला लागलो. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये, एवढी अक्कल मला अधूनमधून असते.

वाटेत एका मारुतीच्या देवळामागं वीरगळ सापडला, म्हणजे लढताना पडलेल्या गड्याचा कोरीव दगड. कुणी हौशीनं त्याला हिरवा-पिवळा ऑइलपेंट फासला होता. माझं डोकंच फिरलं. पण बोटांनी चाचपलं तर रंगाखाली गाई लागल्या. गाई राखताना मेला असणार! कुणाच्या गाई, कुणी पळवल्या, मी बडबडत सुटलो. दोस्तांनी मला ओढतच चहाला नेलं.

इनामगावला पोचलो तर घोडनदीच्या काठी नुसतं टेकाड, बाभळी आणि ढेकळं.

"ह्यासाठी आलो व्हय?" कंपनीत नोकरीला असलेला दुसरा दोस्त म्हणाला. "ढेकळं तर आमच्याकडं बी हायेत."

मी एक लाल खापर उचलून दाखवलं, वर काळी रेघ होती. तीनेक हजार वर्षांपूर्वी इथं आपल्यासारखेच शेतकरी राहायचे, उत्खननात त्यांची घरं सापडली, असं सांगत गेलो. आणि वाचलेलं सगळंच सांगायची खोड, म्हणून हेही सांगितलं, की तान्हं मूल गेलं तर ते दोन मडक्यांत ठेवायचे, तोंडाला तोंड लावून, आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरायचे. का, ते कुणालाच नक्की माहीत नाही.

बोलून गेल्यावर मी जीभ चावली. शेतकरी दोस्त खाली बसला होता.

"घरात?" त्यानं विचारलं. "आन् वर राहायची माणसं?"

"राहायची. तिथंच चूल, तिथंच झोपणं."

"आन् घर पडलं म्हंजी?"

"पुष्कळदा त्याच जागी परत बांधायचे."

तो बराच वेळ माती चिवडत राहिला. मग त्यानं फोन काढला. तो नेहमी स्पीकरवरच बोलतो, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"आबा, उद्या जेसीबी नगं. घर हाय तिथंच बांधायचं."

आबा कडाडले. रस्ता, पाणी, लोक काय म्हणतील, सगळं ऐकवलं. त्यानं ऐकून घेतलं.

"आपलं एक माणूस हाय तिथं, आबा."

मग आबांचा आवाज आला, एकदम खाली उतरलेला.

"सूनबाईला तू सांगतूस का मी सांगू?"