मामाचं गेट

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कसबा पेठेतल्या छापखान्यात त्याच्याविरुद्धचं पत्रक तपासत होते. "आता तरी चांगलं लिही गं," मामी म्हणाली. महिना झाला… प्रयत्न करते आहे.

चौकाचौकात फ्लेक्स लागले: 'ऑलिंपिकविजेता, यशस्वी उद्योजक'. मामा ऑलिंपिकला गेला होता, जिंकला नव्हता. पण फ्लेक्सला पुरावा लागत नाही. न जिंकण्याची गोष्ट मात्र मला लहानपणापासून पाठ होती. शिडाच्या शर्यतीत होडी खुणेच्या तरंगत्या फुग्याला घासली, तर नाविकानं आपणहून होडी गोल फिरवायची, हीच शिक्षा. मामाची घासली. कुणी पाहिलं नव्हतं. तरी तो फिरला आणि मागे पडला. तेवढ्यासाठी मी त्याला देव मानत होते.

मग तो बिल्डर झाला. ज्या गावानं सरावाच्या दिवसांत त्याची होडी खांद्यावरून धरणाच्या पाण्यापर्यंत नेली, त्याच गावाची पाण्याची वाट त्यानं बंगल्यांच्या स्कीमसाठी गेट घालून अडवली. जनावरं पाण्यावर न्यायची तर आता डोंगराला वळसा. गेटवर स्वतःचा शीड ओढतानाचा फोटो. इतका निर्लज्जपणा पुण्यातही दुर्मिळ.

गेट लागलं तेव्हा त्याच्या बिबवेवाडीच्या ऑफिसात मी पहिलं पत्रक टेबलावर ठेवलं. त्यानं शेवटपर्यंत वाचलं.

"शुद्धलेखन चांगलंय. चहा घेणार?"

"मामा, होडी घासलीय. गावानं बघितलंय."

त्यानं पत्रकाची घडी घालून ते माझ्याकडे सरकवलं. "बाळा, त्या होडीत मी एकटा होतो. इथे भागीदार आहेत."

म्हणजे प्रामाणिकपणा फक्त एकट्याच्या होडीत परवडणारा. मी चहा न घेता उठले. तरी मनात मूर्खासारखी आशा होती, की एक दिवस हा माणूस स्वतः जाऊन ते गेट काढेल. तेवढं केलं असतं, तर आज मी मामीच्या मनासारखं लिहिलं असतं.

परवा गावातल्या कमळाबाईंबरोबर गेटवर गेले. त्या दूध घालतात, बरोबर त्यांची म्हैस होती. वॉचमन त्याच गावचा.

"उघडता येत न्हाई, ताई. सायबांनी सांगितलंय."

"अहो, साहेब गेले."

"ते गेलं. कुलूप हाय की."

कमळाबाईंनी फोटोकडे एकदा पाहिलं. "होडी लई जड व्हती त्याची," म्हणाल्या, आणि म्हशीला हाकत डोंगराकडे वळल्या.