बिनफवारणीचा वाफा

आमच्या न्हावरे गावात बहुतेकांच्या रानात एक वाफा बिनफवारणीचा असतो. बाजारच्या मालावर औषध मारायचं आणि घरच्या ताटापुरत्या चार ओळी तशाच ठेवायच्या, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. आमच्या वाफ्यात मेथी, कोथिंबीर, चार वांगी असायची. गेल्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या मालकांनी, ती सगळी काढून ब्रोकोली लावली. जाऊबाई तिला हिरवा फ्लॉवर म्हणतात आणि तोंडात घालत नाहीत. ती माझ्यासाठी होती.

माझ्या छातीतली गाठ काढून झाली होती. केमो संपले होते, डोक्यावर केस यायला लागले होते, आणि काखेत दुसरी गाठ हाताला लागली. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. केमोनं भराभर वाढणाऱ्या पेशी मरतात, पण काही मूळपेशी गप पडून राहतात आणि त्यांच्यातून कॅन्सर पुन्हा उठतो, असं मानतात. इतका वेळ स्वतःच्या चपलांकडं बघत बसलेले मालक म्हणाले,

“म्हंजी लव्हाळ्यागत. वरनं कितीबी उपटा, खाली गाठ ऱ्हातीच.”

बाईंना लव्हाळा माहीत नव्हता. शेतातलं तण आहे, पात हातात येते आणि गाठ मातीत राहते, असं मी हसत सांगायला गेले आणि मध्येच थांबले. गाठ हा शब्द दोन्हीकडं एकच आहे, हे त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा टोचलं.

मग मालकांनी मोबाईल पुढं केला. ब्रोकोलीत, हळदीत असं काही असतं की ते थेट या मूळपेशींवरच चालतं, असं कुणीतरी पाठवलं होतं. बाईंनी खोटा धीर दिला नाही. प्रयोग झालेत, म्हणाल्या, पण बहुतेक काचेच्या बशीतल्या पेशींवर. ताटातलं त्या गाठीपर्यंत किती पोचतं आणि पोचून काही करतं का, हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. भाजी म्हणून खायला हरकत नाही, औषध म्हणून धरू नका, आणि अर्क, गोळ्या मला विचारल्याशिवाय देऊ नका. एवढ्यातलं ‘हरकत नाही’ तेवढं मालकांनी उचललं.

ज्या माणसानं उभ्या संसारात कपभर चहा केला नाही, तो ब्रोकोली वाफवायला लागला. वर हळद, मिरपूड. दौंडची नणंद लक्ष्मणफळाची पानं घेऊन आली, त्यांचा काढा कॅन्सरवर चालतो म्हणे. ती मी मागच्या दारानं शेळीला घातली. शेळी ठणठणीत आहे. माझ्या तोंडाची चव मात्र औषधांनी पार गेली होती, सगळं पत्र्यासारखं लागायचं. शिरूरच्या बाजारातलं सुकट आणि बाजरीची भाकरी खायला जीव तरसायचा. पण मला काय हवं ते विचारायची आमच्यात पद्धतच नव्हती. ते घरात एकदाच विचारलं गेलं, सासऱ्यांना. दवाखान्यानं त्यांना घरी पाठवलं, आता हवं ते खाऊ द्या म्हणून सांगितलं, आणि जो तो खाटेपाशी जाऊन विचारायला लागला, आबा, काय खावंसं वाटतंय? आबांनी जिलेबी मागितली आणि भिंतीकडं तोंड केलं.

मालक माझ्यापुढं ताट ठेवून ते संपेपर्यंत समोर बसायचे. मी चिडायचे, टाकून बोलायचे, पण खायचे. माझा त्या भाजीवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांचा होता, आणि त्यांच्या विश्वासावर मी दिवस काढत होते.

वाफ्यात लव्हाळा माजला. तणनाशक मारायचं नाही, म्हणून मालक खुरपं घेऊन बसायचे, एकेक गाठ खोदून काढायचे आणि दगडावर ठेचायचे. लव्हाळा असा संपत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मी बांधावरून बघत बसायचे. मला मरायचं नाही, हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. इथं लिहिते.

मागच्या महिन्यात स्कॅन झाला. आता लिव्हरमध्येही आहे. बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि मालकांना आत थांबवून घेतलं. परतताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर ते रानाकडं गेले नाहीत. खुरपं पडवीत होतं तिथंच राहिलं. स्वयंपाकघरातही भांडं वाजलं नाही. बऱ्याच वेळानं ते माझ्या खाटेशी येऊन बसले.

“काय खावंसं वाटतंय तुला?”

मला सुकट आठवलं नाही, भाकरी आठवली नाही. मी म्हणाले,

“तुमचा हिरवा फ्लॉवर.”

वाफ्यात अजून चार-दोन गड्डे उभे होते. मालक जागचे उठले नाहीत.