डाव्या खटक्याची बंदूक

ती लांब बंदूक निवृत्तीनंतरही माझ्या डोळ्यांसमोरून हललेली नाही. त्या वेळी मी इंग्लंडमधील वॉटफर्ड येथे पोलीस सार्जंट होतो. हल्ली मी आपल्या मंडळींना कौन्सिलचे अर्ज लिहून देतो. त्यामुळे सदर प्रकरण क्रमवार आणि कोणाचेही नाव न घेता मांडणे मला अवघड नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खबर आली. बॉयलर दुरुस्तीस गेलेल्या इसमाने एका मराठी डॉक्टरबाईंच्या घरी देवापुढे बंदूक पाहिली होती. तिला झेंडूचा हार घातलेला होता. आम्ही तेथे पोहोचलो. डॉक्टरांच्या आईंनी दार उघडले.

"बूट बाहेर काढा," त्या म्हणाल्या. मी मराठीत नमस्कार करताच त्यांनी मला निरखले. "कुठले तुम्ही?"

"मूळचे साताऱ्याचे, काकू."

"साताऱ्याचे, आणि शस्त्रपूजेवर धाड घालता?"

बंदूक अमेरिकन घडणीची, गारगोटीच्या ठिणगीने उडणारी होती. डॉक्टरांच्या दिवंगत वडिलांनी ती एका शेजाऱ्याकडून घेतली होती. पावती देऊन आम्ही ती ताब्यात घेतली. कायदा स्पष्ट आहे. बंदूक खरोखर पुरातन असून शोभेपुरती ठेवली असेल, तर परवाना लागत नाही. त्याच धाटणीची हल्ली बनवलेली असेल, तर लागतो. आणि परवाना नसेल, तर गुन्हा होतो.

आमच्या तज्ज्ञाने नकारार्थी मान हलवली. "पितळ नव्यासारखं चमकतंय. आणि ठिणगी पाडणारा खटका डाव्या बाजूला. जुन्या काळी असं क्वचितच करायचे, हल्ली डावखुऱ्या हौशी लोकांना करून देतात. बनवणारा कोण ते कळल्याशिवाय मी हिला जुनी म्हणणार नाही."

बोलाल ते पुराव्यात वापरले जाऊ शकते, अशी रीतसर समज देऊन डॉक्टरांची चौकशी झाली. शेवटी त्यांनीच मला विचारले, "माझं रजिस्ट्रेशन जाईल का? वॉर्डमध्ये माझे पेशंट्स आहेत." निर्दोष माणूस बचावापेक्षा परिणामांचाच विचार आधी करतो, असे माझे निरीक्षण आहे. परंतु निरीक्षण हा पुरावा नव्हे.

मग मी काकूंचा जबाब घेण्यास गेलो. त्यांनी आधी चहा ठेवला.

"पितळ कोण घासतं?"

"मीच. चिंच आणि मीठ. दर दसऱ्याला लख्ख करते."

"आणि नळी?"

"तारेच्या घासणीने. फक्त मागच्या टोकाला हात लावत नाही."

"का बरं?"

"तिथं कुंकू लावतो आम्ही. ह्यांच्या वेळेपासून तिथंच, तेलात कालवून. पूजेचं कुंकू घासणीने खरवडतात का?"

मी चहा तसाच ठेवून उठलो. नळीच्या त्या भागावर तांबडा थर आहे, हे आमच्या नोंदीत होते. सर्वांनी तो गंज समजून सोडून दिला होता. तज्ज्ञाने तेलाचा बोळा फिरवून थर हळुवार काढला. खाली घासणी कधीच न लागलेले काळपट जुने लोखंड होते आणि त्यावर एकमेकांत गुंफलेली दोन अक्षरे कोरलेली होती. त्याने अमेरिकेतील एका संग्रहालयास छायाचित्रे पाठवली. तेथे तशाच अक्षरांची, डाव्याच खटक्याची दुसरी बंदूक होती. कारागीर पेनसिल्व्हेनियाचा; त्याला जाऊन दोन शतके होत आली होती. प्रकरण बंद झाले.

पुराव्यावर बोट ठेवणारी व्यक्ती अनेकदा तो पुरावा आहे हे जाणत नसते, आणि तिला बोलते करण्यासाठी चहा घेण्याइतका वेळ काढावा लागतो, हे मी येथे शिकलो. त्या घरातील तिघांचा, म्हणजे डॉक्टर, काकू आणि भिंतीवरच्या फोटोतील डॉक्टरांच्या वडिलांचा, मी कायमचा ऋणी आहे.

पुढच्या दसऱ्याला मला आमंत्रण आले. मी बूट न सांगता काढले. डॉक्टर कुंकवाची वाटी घेऊन थबकल्या. "आई, आता दुसरीकडे लावू या. नाव झाकलं जाईल ना."

"ज्याने घडवली त्यालाच लागू दे," काकू म्हणाल्या आणि वाटी माझ्यापुढे धरली. "साताऱ्याचे, तुम्ही लावा."

मी त्या दोन अक्षरांवर बोट टेकवले.