बेल्याची दुसरी फेरी आणि अर्धा ग्लास दूध

देशभरातल्या माणसांना रोजच्या जेवणातून ड जीवनसत्त्व किती मिळतं, हे मोजण्याचं काम निघालं. जिल्ह्यांची यादी आली तेव्हा मी स्वतःहून आदिलाबाद मागून घेतलं. कारण साधं होतं: कुंटाला धबधबा बघायचा होता आणि माझी सुटी संपली होती. पाच दिवस सर्वेक्षण, सहावा दिवस धबधब्याचा, असा बेत.

नागपूरहून सकाळची बस धरली. हिंगणघाट, वडनेर, पांढरकवडा. रस्ता इतका गुळगुळीत की डोळा लागतो. पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्यांवरची लिपी बदलते, माणसांची बोली मात्र बराच वेळ तीच राहते. डिसेंबरात जाणार असाल तर स्वेटर न्याच. मी बसस्थानकाजवळच्या साध्या लॉजवर उतरले आणि समोरच्या मेसमध्ये जेवले: भात, पप्पू म्हणजे डाळीचं घट्ट वरण, आणि अंबाडीची आंबट-तिखट चटणी. त्या चटणीसाठी मी रोज तिथेच गेले.

सोबतीला सरिता होती. आदिलाबादचीच, मराठी आणि तेलुगू सारख्याच वेगाने बोलणारी. आमची गावं बेल्याच्या आसपास होती. तिकडच्या बसमध्ये, त्या राज्यातल्या बायकांना प्रवास मोफत म्हणून, कंडक्टरने तिचं आधार कार्ड बघून फुकट तिकीट फाडलं; माझं महाराष्ट्राचं निघाल्यामुळे मला भाडं पडलं. वाटेत जैनथ मागे पडलं, आणि मग दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस.

आमच्या पिशवीत मापाच्या वाट्या, ग्लास आणि भाकरीएवढ्या पुठ्ठ्याच्या चकत्या. काल उठल्यापासून काय काय खाल्लं, हे विचारून मापाने लिहायचं. दोन दिवसांनी त्याच माणसाला पुन्हा विचारायचं. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासळी अशा मोजक्याच पदार्थांत सापडतं. हल्ली पाकिटातल्या तेलातही घालतात, म्हणून तेलाची पिशवीही बघायची. पारावर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "ऊन तर आमी रोजच खाऊन राह्यलो, ते काऊन लिहीत नाई?" माझ्या कागदात फक्त ताटातलं बसतं, असं सांगितलं. त्यांना ते काही पटलं नाही.

बेल्याजवळच्या एका गावात वनिताताई भेटल्या. (नाव बदललं आहे, आणि हे लिहायला त्यांची परवानगी आहे.) पन्नाशीकडे झुकलेल्या. सासूबाई शेजारी बाजेवर बसल्या होत्या, दोन शेजारणी दारात. नियम असा की माणसाला एकटं गाठून विचारायचं. पण सावली छान होती, चहा आला होता, गप्पा रंगल्या होत्या. मी तिथेच विचारलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वरण, आणि अर्धा ग्लास दूध. दूध म्हणताना त्यांनी एकदा सासूबाईंकडे बघितलं. मी लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या फेरीला गेलो तर घराला कुलूप. सगळे वेचणीला गेले होते. सरिता आणि मी बांधाबांधाने शेतात पोचलो. वनिताताई एकट्याच एका ओळीत कापूस वेचत होत्या. आम्हाला बघून त्यांनी कमरेची ओटी सोडली आणि मी प्रश्न विचारायच्या आधीच म्हणाल्या, "बाई, परवाचं ते दूध खोडून टाका. मी प्यालीच नाई."

मग सगळं कळलं. त्यांची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. घरात एकच म्हैस, बरंचसं दूध डेअरीला जातं. सुनेचे गुडघे दुखतात म्हणून सासूबाई रोज अर्धा ग्लास तिच्यासाठी बाजूला ठेवतात, आणि वनिताताई तो गुपचूप लेकीला देतात.

"थ्या म्हातारीसमोर कसं सांगू? तिचा जीव दुखला असता," त्या म्हणाल्या. "पन तुमचा कागद खोटा झाला ना. दोन दिवस त्येच डोक्यात होतं."

कागद माझ्यामुळे खोटा झाला होता, त्यांच्यामुळे नाही. मी तसं सांगितलं, आणि हे सासूबाईंच्या कानावर जाणार नाही हेही. तिथेच मातीत बसून आम्ही दोन्ही दिवसांचं पुन्हा लिहिलं. सरिताने त्यांना सांगितलं की माहेरी आलेल्या पोरीचंही नाव इथल्या अंगणवाडीत लागतं. रोज जेवण, अंडं, दूध मिळतं. वनिताताईंना वाटत होतं, ते फक्त सासरच्या गावीच.

संध्याकाळी मी सर्वेक्षणाच्या प्रमुख मॅडमना फोन करून माझी चूक सांगितली. चारचौघांत विचारलेली आणखी सहा घरं होती. त्या शांतपणे म्हणाल्या, मग परत जाऊन या.

म्हणून सहावा दिवस धबधब्याऐवजी बेल्यात गेला. कुंटाल्याबद्दल मी तुम्हाला काहीच सांगू शकत नाही. सहापैकी दोन घरांत उत्तर बदललं, आणि दोन्ही वेळा ते घरातल्या बाईचंच होतं. एकीने उत्तरातलं अंडं कमी केलं, दुसरीने रात्रीचं जेवणच. कोणी चिडलं नाही. उलट पुन्हा आलात म्हणून गरम भाकर आणि ठेचा पुढे केला. त्या भाकरीला नाही म्हणवलं नाही.

नागपूरला परतून आठवडा झाला असेल, सरिताचा फोन आला. लेकीचं नाव अंगणवाडीत लागलं होतं आणि वनिताताईंनी निरोप दिला होता: आता दूध लिहिलं तरी चालेल.

एवढ्या मोठ्या देशाच्या मोजणीत तो अर्धा ग्लास कुठे दिसणारही नाही. पण खरं बोलण्यासाठी त्या बाईंनी हातातलं काम थांबवलं, याचे उपकार मी विसरणार नाही.

सरिताचा फोन आला त्या संध्याकाळी आई एकटी स्वयंपाकघरात होती. काल दिवसभरात काय खाल्लंस, मी विचारलं. "जेवले की," ती म्हणाली. मी स्टूल ओढून बसले आणि सकाळपासून एकेक करत विचारत गेले. दुपारपाशी आल्यावर तिने गॅस बंद केला आणि आठवू लागली.